थेंब कोठून येतो?

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे निघालेला रस्ता वाघबीळपाशी रत्नागिरीचा मार्ग सोडतो आणि वळणे घेत गडाकडे चढू लागतो. रविवारी पहाटे या चढावर सायकलस्वारांची रांग दिसते. त्यांत दुकानाची किल्ली ज्यांच्या खिशात असते असे प्रौढ गृहस्थ असतात, तशी महाविद्यालयात शिकणारी त्यांची मुलेही असतात. चढताना लागलेला दम थांबले की जातो. उतरताना मात्र सगळा भरवसा हाताच्या दोन बोटांवर आणि ती बोटे ज्यावर टेकलेली असतात त्या ब्रेकवर असतो.

पेठेत चाळीस वर्षे खाद्यतेलाचा व्यापार केलेल्या एका घरातील १९ वर्षांच्या नातवाचा हा भरवसा पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी डळमळला. सायकल चांगली, दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. गडावरून उतरताना पुढच्या ब्रेकची लिव्हर नेहमीपेक्षा अधिक आत येऊ लागली, चाकातून कर्कश आवाज निघू लागला आणि पूर्वी एका बोटाने होणारे काम चार बोटांनी होईना. मुलगा मागच्या ब्रेकच्या आधाराने, जागोजाग थांबत खाली आला. घरी सोप्यात सायकल उभी केली, तेव्हा दुपारपर्यंत शहाबादी फरशीवर रुपयाएवढा तेलकट डाग पडला होता.

“तेल कमी झालंय, अण्णा,” तो आजोबांना म्हणाला. “कोपऱ्यावरच्या मोटारसायकलच्या दुकानात ब्रेक ऑइल मिळतं. थोडं भरलं की झालं.”

“भरशील रे बाळ, पण गळतंय कुठून ते पाहिलंस का?” अण्णांनी विचारले. “डबा गळायला लागला की आम्ही आधी तो पुसून कोरडा करायचो. मग शोधायचं.”

अण्णांना सायकलच्या ब्रेकची काही माहिती नव्हती. पत्र्याच्या डब्यांची मात्र पुरेपूर होती. त्यांच्या या प्रश्नाने त्या दिवशी दोन चुका टळल्या, आणि त्यांतील एक जिवावर बेतण्याजोगी होती.

या ब्रेकची रचना समजली की गळतीला एवढे महत्त्व का द्यायचे ते कळते. साध्या सायकलीत लिव्हर तार ओढते. येथे तारेच्या जागी द्रव असतो. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडला. लिव्हरच्या पोटात एक लहान पिस्टन असतो, चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन मोठे पिस्टन असतात आणि मधल्या बारीक नळीत तेल भरलेले असते. समजा, लिव्हरमधील पिस्टनचा व्यास १० मिलिमीटर आणि कॅलिपरमधील पिस्टनचा २२ मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १०० ला ४८४. बोटांनी दिलेला जोर चाकापाशी जवळजवळ पाचपट होऊन येतो.

पण व्यापाऱ्याला सांगायला नको की फुकट काही मिळत नाही. जोरात जे वाढले ते अंतरात फेडावे लागते. लिव्हर बरीच हलते तेव्हा पॅड अगदी केसभर सरकतात. म्हणूनच पॅड आणि चकती यांच्यातील फट इतकी कमी ठेवलेली असते की कोरा कागद धरून पाहिल्याशिवाय ती दिसतही नाही. एवढ्या काटेकोर व्यवहारात तेलाचे काही थेंब कमी झाले, किंवा त्यांच्या जागी हवा शिरली, तरी सगळा हिशेब बिघडतो. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. मग बोटांचा सारा जोर हवेचा बुडबुडा आकसण्यात खर्च होतो आणि लिव्हर मुठीला टेकते.

कॅलिपरमधील पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील बसवलेले असते. त्याच्याकडे दोन कामे आहेत. पहिले अर्थातच तेल अडवण्याचे. दुसरे अधिक गमतीचे: ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जाताना हे सील त्याला चिकटून किंचित पीळ खाते, आणि लिव्हर सोडली की तो पीळ उलगडून पिस्टनला मागे ओढते. पिस्टन मागे घेण्यासाठी वेगळी स्प्रिंग नसते. ते काम या रबराच्या लवचीकपणावर सोपवलेले असते. पॅड झिजत गेले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकून तेथेच मुक्काम करतो, त्यामुळे ब्रेक आपोआप जुळलेला राहतो. त्या वाढलेल्या जागेसाठी लागणारे तेल लिव्हरजवळच्या छोट्या टाकीतून येते. हे तेल मात्र आतल्या आतच फिरते. पॅड कितीही झिजले तरी बाहेर तेलाचा थेंब दिसता कामा नये, आणि दिसला तर कोठेतरी वाट फुटली आहे.

या वाटा मोजक्याच असतात. लिव्हरच्या मुख्य पिस्टनचे सील, टाकीचे झाकण व त्यातील स्क्रू, लिव्हरला नळी जोडणारा नट, कॅलिपरला नळी जोडणारा सांधा, हवा काढण्यासाठी ठेवलेले निपल आणि कॅलिपरच्या पिस्टनची सीले. क्वचित नळीच चिरलेली असते. यांतील कोणती वाट फुटली यावर खर्च ठरतो. एखादी रबरी रिंग बदलणे निराळे आणि अख्खा कॅलिपर बदलणे निराळे. शिमानोसारखी कंपनी कॅलिपरच्या पिस्टनची सीले सुटी विकत नाही; तेथे गळती असेल तर कॅलिपर पूर्ण बदलावा लागतो. होपसारख्या काही कंपन्या मात्र ती सीलेही सुटी देतात.

मुलाच्या सायकलीत कॅलिपरचा तळ ओला होता. साहजिकच त्याने पिस्टनच्या सीलला दोष दिला आणि मोबाइलवर नव्या कॅलिपरची किंमत पाहून चेहरा पाडला. अण्णा म्हणाले, “थेंब नेहमी खालच्या कोपऱ्यातूनच पडतो. डब्याचं भोक वरच्या सांध्याला असलं तरी ओला तळच दिसतो.”

मग सोप्यात जुने वर्तमानपत्र अंथरले गेले. पुढचे चाक काढून बाजूला ठेवले. पॅडांना धरणारी पिन काढून पॅड बाहेर घेतले आणि पिस्टनच्या मध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा बसवला. हा ठोकळा विसरता येत नाही. मध्ये काही नसताना लिव्हर दाबली तर पिस्टन सरळ बाहेर येऊन पडतो आणि लहान दुरुस्तीची मोठी होते. त्यानंतर कॅलिपर, नळी, लिव्हर असे सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे केले. प्रत्येक सांध्याभोवती पांढऱ्या टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधली. एक पट्टी पिस्टनच्या कडेला सरकवली. मग लिव्हर घट्ट दाबून ती रबराच्या पट्ट्याने हँडलला बांधून टाकली आणि दोघे जेवायला गेले.

ही घाई न करण्याची पायरी पुष्कळ जण गाळतात. नुकतेच ब्रेकचे काम झाले असेल तर खाचांत राहिलेले तेलही दोन-चार दिवस झिरपत राहते आणि नसलेल्या गळतीची शंका येते. पुसून, वाट पाहून मगच निर्णय करणे बरे. लिव्हर मऊ लागते म्हणजे गळतीच असेल असेही नाही. सायकल उलटी करून चाक काढले असेल तर टाकीतील हवा नळीत शिरते. अशा वेळी कोठेच तेल सांडत नाही, फक्त हवा काढावी लागते.

तासाभराने पट्ट्या सोडल्या. पिस्टनजवळची कोरडी. निपलची कोरडी. लिव्हरची कोरडी. कॅलिपरच्या वरच्या अंगाला जेथे नळी बोल्टाने जोडलेली असते, तेथील पट्टीवर मात्र फिकट तांबूस डाग उमटला होता. तेल तेथून कॅलिपरच्या पाठीवरून ओघळून पॅडांपर्यंत व पुढे तळाशी येत होते. उन्हाळ्यात एका कारागिराने नळीचा कोन बदलण्यासाठी हाच बोल्ट सैल केला होता, हे मुलाला आता आठवले. बोल्ट पुन्हा आवळताना आतील रबरी ओ-रिंग चिमटली असावी. नव्या कॅलिपरचा खर्च वाचला. एक चूक टळली ती ही.

दुसरी चूक तेलाची होती आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ती आपल्या गावांत सर्रास होते. मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये जे तेल घालतात ते बहुधा डॉट ४ या वर्गाचे असते. ते ग्लायकोल ईथर जातीच्या रसायनांचे असते, पेट्रोलियमचे नव्हे. सायकलच्या ब्रेकांत दोन पंथ आहेत. शिमानो आणि मॅगुरा यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. हेझ व होप यांचे बहुतेक आणि स्रॅमचे पुष्कळ ब्रेक डॉट द्रवावर चालतात. स्रॅमने अलीकडे काही ब्रेक मिनरल ऑइलचेही काढले आहेत, म्हणून केवळ नाव पाहून ठरवू नये, लिव्हरवर व पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचावे.

दोन्ही द्रव दाब सारखाच पोहोचवतात. फरक रबराला कळतो. डॉट द्रवासाठी वापरलेले ईपीडीएम रबर मिनरल ऑइलमध्ये फुगते. मिनरल ऑइलसाठी वापरलेले नायट्राइल रबर डॉट द्रवाने बिघडते. चुकीचे तेल घातल्यावर ब्रेक त्याच क्षणी बंद पडत नाही, आणि हाच खरा धोका आहे. पहिल्या दिवशी लिव्हर छान घट्ट लागते. मग सीले हळूहळू फुगतात, पिस्टन अडखळू लागतो, किंवा सील मऊ पडून तेल सोडते. ते गल्लीत घडेल की उतारावरच्या वळणावर, हे सांगता येत नाही. एकदा असे तेल आत गेले की नुसते धुऊन भागत नाही. रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो, आणि सुटे भाग मिळत नसतील तर ब्रेकच. मुलाची सायकल मिनरल ऑइलची होती. कोपऱ्यावरून आणलेली डॉट ४ ची बाटली तिच्यात गेली असती तर पुढचा रविवार कदाचित सुखरूप गेला असता. त्यापुढच्या रविवारांचे सांगता आले नसते.

दोन्ही तेलांचे स्वभावही निराळे. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो. प्रमाणानुसार ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावरची मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. म्हणून तो ठरावीक काळाने बदलतात, आणि उघडी बाटली वर्षभर फडताळात ठेवून वापरत नाहीत. तो रंगही खातो. सायकलच्या चौकटीवर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी त्यात मिसळतही नाही; ते सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके तापणाऱ्या कॅलिपरमध्ये, जाऊन बसते आणि १०० अंशांला उकळते. दोहोंपैकी कोणाचीही जागा स्वयंपाकघरातील तेल घेऊ शकत नाही. अण्णांनी शेंगतेलाचा विषय काढला तो थट्टेने. पण असा प्रयोग करणारे लोक असतात.

दुरुस्ती छोटीच होती. बोल्ट काढून दोन्ही ओ-रिंगा बदलल्या. बसवण्यापूर्वी त्यांना त्याच मिनरल ऑइलचा हात लावला, म्हणजे त्या पुन्हा चिमटणार नाहीत. सांध्याच्या कडेला कण राहिलेला नाही हे बोट फिरवून पाहिले. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा ब्रेकच्या पुस्तिकेत दिलेला असतो. अशा पुष्कळ सांध्यांसाठी तो पाच ते सात न्यूटन-मीटरच्या घरात असतो आणि त्यासाठी टॉर्क रेंच लागते. “अजून थोडं आवळ” हा घरगुती सल्ला येथे उपयोगाचा नाही, कारण कॅलिपर हलक्या धातूचा असतो आणि त्यातील आटे एकदा गेले की परत येत नाहीत. गळती लिव्हरजवळच्या नटाची असती तर काम थोडे वेगळे झाले असते. तेथे नळीभोवती एक छोटे पितळी कडे दाबून बसलेले असते. ते एकदाच दबते. सांधा उघडला की नळीचे टोक सरळ कापून नवे कडे घालायचे असते. जुनेच परत वापरून पैसे वाचवले तर तेल तेथून पुन्हा वाट काढते.

पॅडांवरून मात्र घरात थोडा वाद झाला. ते निम्मेही झिजले नव्हते. परंतु पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तेल त्यात मुरते. वरून पुसले, पॉलिश पेपरने घासले, तरी पुढच्या लांब उतारावर चकती तापली की आत मुरलेले तेल पृष्ठावर येते. काही जण असे पॅड गॅसच्या शेगडीवर धरून तेल जाळतात. मुलाच्या एका मित्राने तेच सुचवले. त्या धुराची गोष्ट सोडली तरी पॅडचा मसाला ज्या चिकट पदार्थाने धातूच्या पट्टीवर बसवलेला असतो तो अशा उष्णतेने सैल होऊ शकतो. काटकसरीत आयुष्य गेलेल्या अण्णांनीच येथे निकाल दिला: “खवट माल चांगल्या मालात मिसळत नाहीत.” जुने पॅड बाद झाले. चकती धातूची असल्याने ती अल्कोहोलने दोन वेळा स्वच्छ पुसून वापरता आली. फडके दर वेळी नवे घेतले. तिची जाडीही मोजली. शिमानोच्या चकत्या १.५ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की बदलायच्या असतात. ही अजून बरीच जाड होती.

त्यानंतर हवा काढण्याचे काम, ज्याला कारागीर ब्लीडिंग म्हणतात. नवे पॅड अजून गुंडाळीतच, दूरच्या खोलीत. तेलाच्या कामात ते जवळ नकोत. सायकल भिंतीला टेकवून लिव्हर आडवी, जमिनीला समांतर केली. टाकीवरचा छोटा स्क्रू काढून तेथे प्लॅस्टिकची चाडी बसवली आणि तीत थोडे तेल ओतले. खाली कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळीने तेल भरलेली सिरिंज जोडली. सिरिंजमधील हवा आधीच काढून टाकली होती. निपल पाव फेऱ्याहून कमी उघडून सिरिंज सावकाश दाबली, तसे तेल खालून वर चढू लागले. हवा स्वभावतः वर जाते, म्हणून तिला वरच्याच दिशेने ढकलायचे. चाडीत बुडबुडे आले. आधी मोठे, मग मोहरीएवढे. मुलाने पान्याच्या मुठीने नळीवर हलके ठोकले तसे कोठे अडकलेले आणखी दोन आले. निपल बंद करून लिव्हर हळूहळू दाबत-सोडत राहिले, मध्ये एकदा ती किंचित पुढे आणि एकदा किंचित मागे झुकवली, आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत थांबले. अण्णा खुर्चीवर बसून चाडीकडे पाहत होते. बुडबुडा दिसला की बोट उचलत. एकूण अर्धा-पाऊण तास गेला. शेवटी निपल आवळले, वरचा स्क्रू अलगद बसवला. तो हाताच्या बेताच्या जोराने बसतो. त्याच्याखालच्या रिंगेला एवढेच पुरते.

निघालेले जुने तेल मोरीत ओतले नाही. झाकणाच्या बाटलीत भरून ते मोटार गॅरेजमध्ये, जेथे जुने इंजिन ऑइल गोळा करतात तेथे, नेऊन दिले.

रात्री लिव्हर पुन्हा दाबून बांधली गेली. सांध्याभोवती नवी पट्टी, कॅलिपरखाली कोरा कागद. सकाळी लिव्हर होती तेथेच होती. अण्णांनी कागद उचलून खिडकीतल्या उजेडापुढे धरला, जसा ते दुकानात डब्याखालचा धरीत. कागद कोरा होता. त्यांनी त्याच्याच मागच्या बाजूला तारीख लिहिली, खाली ‘मिनरल ऑइल. डॉट नव्हे’ असे मोठ्या अक्षरात लिहिले आणि तो साधनांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. घरात आणखी दोन सायकली आहेत आणि त्यांतील एक डॉटची आहे.

नवे पॅड लावल्यावरही मुलगा लगेच गडावर गेला नाही. नवा पॅड आणि चकती यांचे एकमेकांशी जुळावे लागते. घराजवळच्या सपाट रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक पूर्ण न थांबवता, वीसएक वेळा ब्रेक लावला. पहिल्या पाच-सहा वेळा पकड सैल वाटली, मग प्रत्येक वेळी वाढत गेली. आवाज गेला होता. आठवडाभर तो सकाळी कॉलेजला जाताना सांध्यावर कोरडे फडके फिरवून पाहत होता.

रविवारी पहाटे तो पन्हाळ्याला गेला. वाघबीळपर्यंत उतरून आल्यावर त्याने चहाच्या गाड्यापाशी सायकल उभी केली, खाली वाकून कॅलिपरच्या पाठीवर नजर टाकली आणि चकती तापलेली असणार हे ठाऊक असल्याने तिला हात न लावता, टिश्यू पेपरचा तुकडा तेवढा सांध्यावर टेकवून पाहिला. मग घरी फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला तो कागदाचाच.